चाक बांधून घ्यायचंय? हबच्या फोटोआधी हबची मापं बघा

तयार व्हीलसेट घेण्याऐवजी रिम, स्पोक आणि हब (चाकाच्या मध्यातला, एक्सलवर फिरणारा भाग) सुटे आणून चाक बांधून घ्यायचं ठरलं, की पहिले काही दिवस हबचे फोटो बघण्यातच जातात. कुठला किती ग्रॅमचा, कुठला लाल रंगात मिळतो, कुठला पेडल थांबवल्यावर भुंग्यासारखा घोंघावतो. बघायला हरकत नाही, पण या गोष्टी शेवटच्या. रिम ही झिजणारी वस्तू. खड्ड्यात ठेचते, आणि रिम ब्रेकच्या सायकलवर तर ब्रेकच तिला रोज थोडी थोडी खातो. हब मात्र नीट निवडला तर दोन-तीन रिमांना पुरून उरतो. म्हणून हब घेताना दोनच प्रश्न: हा माझ्या फ्रेमला, कॅसेटला (मागच्या दातेरी चाकांच्या जुडग्याला) आणि अंगकाठीला बसतो का? आणि पाच-सात वर्षांनी तो उघडून दुरुस्त करता येईल का?

पुढचं सगळं ७००सी चाकांच्या, गिअरच्या रोड सायकलबद्दल आहे. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, की प्रत्येक पायरीवर तुमच्या यादीतले काही हब गळत जातील.

आधी फ्रेम काय मागते ते

ड्रॉपआउटमधलं, म्हणजे एक्सल अडकवायच्या फ्रेमच्या खाचांमधलं, आतलं अंतर मोजा. रिम ब्रेक आणि क्विक रिलीज (दांडी वळवून चाक सोडवायची सोय) असलेल्या रोड सायकलवर ते पुढे १०० आणि मागे १३० मिलिमीटर असतं. सहा-सात गिअरच्या जुन्या स्टील सायकलींवर मागे १२६, त्याहून जुन्या पाच गिअरवाल्यांवर १२०. स्टीलची फ्रेम जाणकार माणूस फाकवून १३० ची करून देतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बन फ्रेमवर हा उद्योग करू नका.

डिस्क ब्रेकवाल्या सुरुवातीच्या रोड सायकलींवर मागे १३५ मिलिमीटरचं क्विक रिलीज होतं. आता बहुतेक ठिकाणी मागे १४२ बाय १२ आणि पुढे १०० बाय १२ चा थ्रू एक्सल (फ्रेम आणि हबमधून आरपार जाणारा जाड दांडा) असतो. काही जुन्या फोर्कवर पुढे १५ मिलिमीटरचाही सापडतो. १४२ हा आकडा वाचून हब रुंद झाला असं वाटतं, पण तसं नाही. दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन मिलिमीटर फ्रेमच्या खाचेत जातात. फ्लँज (हबच्या दोन बाजूंच्या, स्पोक अडकवायच्या चकत्या) आणि डिस्क १३५ च्या हबवर जिथे होती तिथेच राहते. म्हणून अनेक हबवर नुसत्या एंड कॅप (टोकांच्या टोप्या) बदलून १३५ चे १४२ करता येतात. पुढेमागे फ्रेम बदलायचा विचार असेल तर असाच हब घ्या. थ्रू एक्सलच्या आट्यांची चिंता मात्र करू नका. त्या फ्रेमच्या असतात, हबचा त्यांच्याशी संबंध नाही.

एक अपवाद लक्षात असू द्या. कॅननडेलच्या काही सायकलींमध्ये मागची सगळी गिअर यंत्रणा ६ मिलिमीटर उजवीकडे सरकवलेली असते आणि चाक त्या हिशोबाने बांधावं लागतं. हब नेहमीचाच चालतो, पण बांधणाऱ्याला आधी सांगितलं नाही तर चाक फ्रेममध्ये एका बाजूला बसेल.

डिस्क असेल तर सेंटरलॉक (डिस्क खाचांवर बसवून एका कड्याने आवळायची) की सहा बोल्ट, हा आणखी एक निर्णय. सेंटरलॉक हबवर अ‍ॅडॅप्टर लावून सहा बोल्टची डिस्क बसवता येते. उलटं जमत नाही. दोन्ही वाटा उघड्या राहाव्यात म्हणून मी सेंटरलॉक घेतो. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांना सहा बोल्ट बरे वाटतात, कारण डिस्क काढायला खिशातला टॉर्क्स २५ चा पाना पुरतो. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, यावरून भांडण्यासारखं काही नाही.

कॅसेट आणि फ्रीहब बॉडी

इथे चूक झाली तर हब परत पाठवण्यावाचून गत्यंतर नसतं, तेव्हा ही जोडी कागदावर लिहून काढा.

कॅसेट ज्यावर सरकवतात तो हबचा खाचांचा भाग म्हणजे फ्रीहब बॉडी. शिमानोच्या ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट एचजी नावाच्या बॉडीवर बसतात. ११ गिअरची रोड बॉडी त्याच खाचांची, पण १.८५ मिलिमीटर लांब. म्हणजे ११ च्या बॉडीवर १.८५ चा स्पेसर टाकून जुन्या कॅसेट चालतात. ११ गिअरची रोड कॅसेट १० च्या बॉडीवर मात्र बसत नाही. अपवाद ११-३४ कॅसेटचा: तिची मोठी चाकं आतल्या बाजूला स्पोकवर झुकलेली असतात, त्यामुळे ती १० च्या बॉडीवर थेट आणि ११ च्या बॉडीवर स्पेसरसह बसते. शिमानोच्या १२ गिअरच्या रोड कॅसेट, म्हणजे ड्युरा-एस, अल्टेग्रा आणि १०५ या संचांतल्या, त्याच ११ च्या एचजी बॉडीवर बसतात. ही मोठीच सोय आहे. आज ११ वर असाल आणि उद्या १२ वर जाणार असाल, तर हब बदलावा लागत नाही.

स्रामच्या १२ गिअरच्या एएक्सएस रोड कॅसेटमध्ये सगळ्यात लहान चाक १० दात्यांचं. ते एचजीवर मावत नाही, त्यासाठी एक्सडीआर बॉडी लागते. शिमानोच्या जीआरएक्स या कच्च्या रस्त्यांसाठीच्या संचात १०-४५ किंवा १०-५१ कॅसेट घेतलीत तर मायक्रो स्प्लाइन बॉडी हवी. कॅम्पॅग्नोलोचं गणित तिसरंच, त्यांच्या खाचा वेगळ्या. २०२० मध्ये १३ गिअरच्या एकारबरोबर त्यांनी एन३डब्ल्यू नावाची आखूड बॉडी आणली. तिच्यावर अ‍ॅडॅप्टर लावून त्यांच्या ११ आणि १२ च्या कॅसेट बसतात.

हब निवडताना बॉडी सुटी बदलता येते का आणि ती आज विकत मिळते का, एवढं बघा. ज्या हबला एचजी, एक्सडीआर आणि मायक्रो स्प्लाइन अशा तिन्ही बॉड्या मिळतात, त्याला तुमच्या पुढच्या सायकलवरही जागा आहे.

भोकं किती

रिमला जितकी भोकं तितकीच हबला. हे उघड आहे, तरी आधी हब मागवून नंतर रिम शोधत बसलेली माणसं दरवर्षी भेटतात. रिम निश्चित झाल्याशिवाय हबचे पैसे भरू नका.

माझा ढोबळ हिशोब असा. ६५ किलोच्या आतला स्वार आणि जरा खोल, ताठ रिम असेल तर पुढे २० आणि मागे २४ चालतात. ७० ते ८५ किलोला पुढे २४, मागे २८. त्यापुढे, किंवा सामान लादून जाणार असाल तर, २८ आणि ३२ किंवा दोन्हीकडे ३२. डिस्क ब्रेक असेल तर पुढेही २४ च्या खाली येऊ नका, कारण ब्रेकचा पीळ हबमधून स्पोकमार्गेच रिमपर्यंत पोहोचतो. चार स्पोक कमी केल्याने वाचतात वीस-पंचवीस ग्रॅम. आणि कमी स्पोकच्या चाकात एक तुटला की रिम लगेच ब्रेकला किंवा फ्रेमला घासायला लागते. ३२ च्या चाकात एक तुटला तर ब्रेक थोडा सैल करून घरी येता येतं. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, ते उगाच नव्हे. दुधाचे कॅन लादायचे तर मागच्या चाकाला जास्त आधार हवाच.

स्पोक वाकड्या डोक्याचे (हबपाशी काटकोनात वळलेले) की सरळ ओढीचे (न वळलेले)? माझं मत स्पष्ट आहे, वाकड्या डोक्याचे. सरळ ओढीच्या हबवर किती क्रॉस घालायचे (एका स्पोकने वाटेत किती स्पोक ओलांडायचे) हे हबनेच ठरवलेलं असतं, स्पोक कसताना जागेवर गोल फिरतो, आणि ऐन वेळी त्या लांबीचा स्पोक दुकानात सापडणं अवघड. तयार व्हीलसेटला ते शोभतात. हाताने बांधायच्या चाकाला नाही.

फ्लँज: हबचा खरा कस इथे लागतो

आता व्हर्निअर घ्या, कारण माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात जे छापलेलं नसतं ते इथे आहे.

मागच्या चाकात उजवीकडे कॅसेटला जागा द्यावी लागते, म्हणून उजवा फ्लँज हबच्या मध्याजवळ सरकतो आणि डावा लांब राहतो. रिम मात्र मधोमध हवी. परिणामी उजवे स्पोक जवळजवळ उभे राहतात आणि त्यांना जास्त ताण द्यावा लागतो. डावे तिरपे, ते कमी ताणात राहतात. दोन्ही बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर फ्लँजच्या मध्यापासूनच्या अंतरावरून जवळजवळ तंतोतंत काढता येतं. डावा ताण भागिले उजवा ताण म्हणजेच उजवं अंतर भागिले डावं अंतर, एवढंच गणित.

दोन हब घेऊ. पहिल्यात उजवा फ्लँज मध्यापासून १७ मिलिमीटर, डावा ३८. दुसऱ्यात १८ आणि ३४. दोन्हीकडे उजव्या स्पोकना १२० किलोचा ताण दिला, तर पहिल्या हबवर डाव्या स्पोकना मिळतात साधारण ५४ किलो आणि दुसऱ्यावर ६४. दहा किलोंचा हा फरक रस्त्यावर कळतो. खड्ड्यातून जाताना रिम खालून दाबली जाते आणि तळाशी असलेल्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो. मुळात ताण कमी असेल तर तो स्पोक पूर्ण सैल पडतो. मग निपल (स्पोकला रिममध्ये धरणारे छोटे नट) हळूहळू उलटे फिरू लागतात, रिम आउट जाते, म्हणजे वाकडी फिरते, आणि सैल-घट्ट होऊन होऊन एक दिवस डावा स्पोक डोक्यापाशी तुटतो. ‘मागचं चाक सारखं आउट होतं’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा बांधणाऱ्याच्या हातात नसून हबच्या या मापात असतं.

मग डावा फ्लँज जितका आत तितका बरा? तसंही नाही. फ्लँज जितके लांब-लांब, तितकं चाक आडव्या जोराला ताठ. पहिला हब कागदावर जास्त ताठ निघतो, आणि डावे स्पोक सैल पडत नाहीत तोवर रस्त्यावरही तो ताठच असतो. तेव्हा ही सौदेबाजी आहे. मी रिम ब्रेकच्या मागच्या हबवर उजवीकडे १७ च्या खाली काही घेत नाही, आणि डावीकडे ३४ ते ३७ मध्ये समाधान मानतो. स्वार जड असेल आणि खड्ड्यांचा रस्ता असेल तर ताणाच्या समतोलाकडे झुकावं.

८-९-१० गिअरच्या बॉडीवरून ११ वर जाताना बॉडी १.८५ मिलिमीटरने वाढली, फ्रेम १३० वरच राहिली. हे मिलिमीटर उजव्या फ्लँजच्या वाट्यातूनच गेले. म्हणून तुमच्याकडे १० गिअरचा जुना चांगला हब असेल आणि १० वरच राहणार असाल, तर तो टाकू नका. त्याच्यावर नवी रिम बांधा. त्यातून निघणारं चाक आजच्या बऱ्याच ११ गिअरच्या चाकांपेक्षा समतोल असतं. जुन्या फ्लँजवर स्पोकनी खुणा पाडलेल्या असतात. नवे स्पोक त्याच दिशांनी घाला, म्हणजे फ्लँजवर नवे ओरखडे पडून तो चिरणार नाही.

डिस्कच्या हबवर डिस्कला जागा द्यायला डावा फ्लँजही आत येतो. त्यामुळे मागे ताण जास्त समतोल मिळतो, ताठपणा थोडा जातो. पुढच्या चाकात मात्र नवीन तिढा होतो: पुढेही आता दोन बाजू सारख्या नसतात, आणि तिथे डावे स्पोक जास्त ताणाचे असतात.

हबचं माप हवं तसं नसेल तर दोन उपाय आहेत. एक, भोकं मध्याच्या एका बाजूला पाडलेली ऑफसेट रिम. मागच्या चाकात अडीच मिलिमीटरचा ऑफसेट मिळाला तर वरच्या पहिल्या हबचे १७ आणि ३८ जाऊन १९.५ आणि ३५.५ होतात, आणि डावा ताण ५४ वरून ६६ वर जातो. दोन, डावीकडे बारीक स्पोक. उजवीकडे मधोमध १.८ मिलिमीटरचे आणि डावीकडे १.५ चे घातले, की तेवढ्याच ताणाला डावे जास्त ताणले जातात आणि खड्ड्यात सैल पडायला त्यांना वेळ लागतो. कॅम्पॅग्नोलो आणि फुलक्रमच्या तयार चाकांत उजवीकडे दुप्पट स्पोक असतात, तेही याच कारणासाठी. पण त्यासाठी हबही तसाच लागतो.

फ्लँजचा व्यास हा त्यामानाने दुय्यम मुद्दा. फार लहान फ्लँजवर २८ भोकांत तीन क्रॉस घालायला गेलात तर एक स्पोक शेजारच्याच्या डोक्यावर चढतो. तिथे दोन क्रॉस घाला. २४ ला दोन, ३२ ला तीन. पुढच्या चाकात रेडियल, म्हणजे एकही क्रॉस न घालता सरळ, स्पोक घालायचे असतील तर हब बनवणारी कंपनी त्याला परवानगी देते का ते वाचा, कारण तसा ओढा फ्लँजला बाहेर फाडायला बघतो. डिस्कच्या चाकात आणि मागच्या उजव्या बाजूला रेडियल नकोच.

छर्रे की कार्ट्रिज

शिमानोचे बहुतेक हब कप आणि कोनचे: आत कप नावाच्या वाटीत सुटे छर्रे, त्यांच्यावर दाबून बसणारा कोन, मग लॉकनट. साधारणपणे पुढे ३/१६ इंची छर्रे दर बाजूला दहा, मागे पाव इंची दर बाजूला नऊ. बाकी बहुतेक कंपन्या कार्ट्रिज, म्हणजे अख्खं बदलायचं बंदिस्त, बेअरिंग वापरतात.

कप-कोनचा गुण असा, की त्याची रचनाच आडवा आणि उभा असा दोन्ही जोर पेलायची आहे, सेटिंग तुमच्या हातात असते, आणि छर्रे चिल्लर पैशांत मिळतात. कोन झिजला तर बदलता येतो. पण कप हबच्या अंगातच बसवलेला असतो. त्याला खड्डे पडले की हब संपला. म्हणजे कप-कोनचा हब जगतो तो देखभालीवर. पावसाळा संपला की उघडायचा, जुनं काळं ग्रीस पुसायचं, नवे छर्रे, नवं ग्रीस. बहुधा पुढे १३ चा आणि मागे १५ चा चपटा कोन पाना लागतो. क्विक रिलीजच्या हबवर सेटिंग करताना अगदी किंचित प्ले (सैलपणा) ठेवावा, कारण क्विक रिलीज आवळलं की एक्सल तेवढा दबतो आणि प्ले जातो. टेबलावर अगदी बरोबर बसवलेला कोन सायकलवर गेल्यावर घट्ट होतो आणि कपाला खातो.

कार्ट्रिजच्या हबवर तुम्ही देखभाल करत नाही, बदलता. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि तो जगभर सारखा. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पहिले दोन आकडे जाडीची जात सांगतात. ६८०२ हे १५ बाय २४ बाय ५ मिलिमीटरचं, तर ६९०२ हे १५ बाय २८ बाय ७ चं. दुसऱ्यात छर्रे मोठे मावतात, म्हणून ते जास्त टिकतं. हब निवडताना आत कुठलं बेअरिंग आहे ते वाचा, आणि दोन हब सारखेच वाटत असतील तर ६९ ची जात असलेला घ्या. नंबर माहीत असेल तर बेअरिंग कुठल्याही औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात मिळतं, सायकलचं दुकान शोधावं लागत नाही. मागताना दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे टूआरएस, मागा.

सिरॅमिक बेअरिंगवर पैसे घालू नका. हातात चाक फिरवून बघताना मजा येते, पण चाकाच्या बेअरिंगमध्ये वाया जाणारी ताकद मुळातच नगण्य असते. त्याच पैशांत चांगले टायर येतात.

पाण्याबद्दल एक सांगून ठेवतो. ताम्हिणीत जुलैमध्ये चार तास सायकल चालवली तर कुठलाच सील पूर्ण कोरडा राहत नाही. त्यातून घरी आल्यावर प्रेशर पंपाने हबवर फवारा मारणारे असतात. रस्त्यावर जे आत गेलं नाही ते तिथे जातं. बादली आणि फडका पुरे.

फ्रीहबचं पोट

पेडल थांबवलं की चाक मोकळं फिरावं आणि मारलं की पकडावं, हे काम दोन तऱ्हांनी होतं. एकात स्प्रिंगवर बसवलेले पावल (खटके) दात्यांच्या कड्यात अडकतात. दुसऱ्यात दोन दातेरी चकत्या समोरासमोर येऊन सगळे दाते एकदम धरतात. ही दुसरी तऱ्हा डीटी स्विसच्या स्टार रॅचेटमुळे माहीत झाली. तिचं पेटंट संपल्यावर तैवान-चीनमधल्या अनेक हबमध्ये तशीच रचना आली.

किती दात्यांचा, यावरून पुष्कळ चर्चा होते. १८ दाते म्हणजे पकड लागेपर्यंत जास्तीत जास्त २० अंश, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे सुमारे पावणेसात. क्रिस किंगच्या ७२ दात्यांत ५. खडकांवरून सायकल उचलत चढणाऱ्याला याचा उपयोग आहे. रोडवर हिशोब करून बघा: ३६ दात्यांचा हब, पुढे ५० आणि मागे १५ चा गिअर. हबचे १० अंश म्हणजे क्रँकचे ३ अंश, आणि १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पेडल सरकतं ९ मिलिमीटर, तेही फार तर. यासाठी दुप्पट पैसे मोजायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी मोजत नाही.

मी बघतो ते हे की फ्रीहब उघडायला काय लागतं. डीटी स्विसच्या ३५० किंवा २४० मध्ये एंड कॅप आणि बॉडी हातानेच ओढून निघते. आत दोन चकत्या, स्प्रिंग, बस. पुसायचं, कंपनीने सांगितलेलं पातळ ग्रीस अगदी थोडं लावायचं, परत बसवायचं. चहा गार व्हायच्या आत होतं. ग्रीस जाड किंवा जास्त झालं तर चकत्या चिकटतात आणि जोर लावताना घसरतात, तेवढं सांभाळा. शिमानोची बॉडी एक्सल काढून १० मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने निघते, पण आत दुरुस्ती करण्याजोगं फारसं नसतं, आख्खी बॉडी बदलायची.

बॉडी कशाची आहे तेही विचारा. अ‍ॅल्युमिनियमची हलकी, पण कॅसेटची सुटी चाकं तिच्या खाचांत रुततात, आणि काही महिन्यांनी कॅसेट काढायला हातोडी घ्यावी लागते. स्टीलची जड, पण हा त्रास नाही. व्हाइट इंडस्ट्रीजची टी११ टायटॅनियमची बॉडी दोन्ही साधते, तिची किंमतही तशीच. नोव्हाटेकने अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवर स्टीलची पट्टी बसवून मधला मार्ग काढलाय. कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळली तर रुतणं बरंच कमी होतं. हाताच्या अंदाजाने आवळणारे बहुतेक जण त्याहून कमीच आवळतात.

कुणी काय घ्यावं

रिम ब्रेक, बेताचं बजेट आणि वर्षातून एकदा हब उघडायची तयारी असेल, तर शिमानोचे १०५ किंवा त्याखालचे टिआग्राच्या पातळीचे हब. याच पैशांत इतका गुळगुळीत आणि टिकाऊ हब दुसरा नाही. उघडायचा कंटाळा असेल तर हा हब घेऊ नका, सरळ कार्ट्रिजकडे जा: नोव्हाटेक किंवा बायटेक्स, दोन्ही तैवानचे. बेअरिंग बदलत राहायचं. थोडे जास्त पैसे असतील तर डीटी स्विस ३५०, आणि मला एकाच हबचं नाव घ्यायला सांगितलं तर मी हेच घेईन. डिस्क असो वा रिम ब्रेक, सुटे भाग मिळतात आणि उघडायला हत्यार लागत नाही. इंग्लंडातल्या होपचे हब आवाज करतात, पण जुन्या मॉडेलचे सुटे भागही ही कंपनी बरीच वर्षं देते. क्रिस किंग सुंदर, पण पूर्ण उघडायला त्यांचंच खास हत्यार लागतं, ते जवळपास कुणाकडे आहे का ते आधी बघा.

४०० किंवा ६०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राइड) करणाऱ्यांनी पुढे डायनॅमो हबचा विचार जरूर करावा. ६ व्होल्ट, ३ वॉट, रात्रभर दिव्याची चिंता नाही. जर्मनीतला सोन हा त्यातला अव्वल. त्याचं बेअरिंग बदलायला हब बनवणाऱ्याकडेच पाठवावा लागतो, म्हणजे माझ्या ‘उघडता आला पाहिजे’ या अटीत तो बसत नाही. तरीही अपवाद करावा इतका तो चांगला आहे.

वजनाचं म्हणाल तर हब चाकाच्या मध्यावर असतो, त्याला फिरवायला वेगळी ताकद जवळजवळ लागत नाही. १०० ग्रॅम वाचवले म्हणजे सायकल आणि स्वार मिळून ८५ किलोतले १०० ग्रॅम. तेवढेच रिमवर आणि टायरवर वाचवले तर निदान वेग घेताना जाणवतात.

परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, आणि त्याच पार्सलमध्ये एक सुटी बॉडी किंवा निदान पावल-स्प्रिंगचा संच मागवा. पैसे भरण्याआधी एक झटपट परीक्षा: त्या हबच्या नावापुढे ‘फ्रीहब बॉडी’ आणि ‘बेअरिंग’ लिहून शोधा. दोन्ही सुटे मिळत असतील तर पुढे जा. नसतील तर तो हब कितीही स्वस्त असला तरी सोडा.

हातात आल्यावर

खोका उघडल्यावर एक्सल दोन बोटांत धरून हळू फिरवा. नव्या कार्ट्रिज हबमध्ये सीलचा थोडा अडसर जाणवतो, तो चालतो. खरखर किंवा टप्प्याटप्प्याने अडकल्यासारखं नको. एक्सल वर-खाली डगडगतो का बघा. फ्लँजच्या भोकात तुम्ही घेणार तो २ मिलिमीटरचा स्पोक घालून बघा. भोक साधारण २.४ ते २.६ असतं. स्पोकचं डोकं फार सैल हलत असेल तर खाली बारीक वॉशर लागेल.

आता स्पोक मागवण्यासाठी मापं घ्या. वेबसाइटवरचे आकडे धरून चालू नका, स्वतः मोजा. समजा १३० चा हब आहे. उजव्या लॉकनटच्या बाहेरच्या तोंडापासून उजव्या फ्लँजच्या बाहेरच्या कडेपर्यंत ४६ मिलिमीटर भरले आणि फ्लँज ३ मिलिमीटर जाड आहे, तर फ्लँजचा मध्य ४७.५ वर. निम्मी रुंदी ६५, त्यातून ४७.५ वजा केले की उजवं अंतर १७.५. डावीकडे २७.५ भरले, त्यात दीड मिळवून २९, म्हणजे डावं अंतर ३६. थ्रू एक्सलच्या १४२ हबला ६५ ऐवजी ७१ धरायचे. मग समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजून त्यात एका भोकाचा व्यास मिळवा, तो झाला फ्लँजचा भोकांचा व्यास.

या हबवर हा व्यास दोन्हीकडे ४५ निघाला, रिमचा परिणामी व्यास (स्पोकची टोकं जिथे पोहोचतात तिथला) ५९६ आहे, २८ भोकं आणि तीन क्रॉस, तर स्पोकच्या लांबीचं गणकयंत्र डावीकडे साधारण २९४.७ आणि उजवीकडे २९३ मिलिमीटर लांबी देतं. उजवे पावणेदोन मिलिमीटरने आखूड. दोन्ही बाजूंना एकाच लांबीचे स्पोक घालून ‘निपल भागवून घेईल’ म्हणणारे असतात, त्यांचं ऐकू नका. उत्तर अपूर्णांकात आलं की खालच्या पूर्ण मिलिमीटरला घ्या, म्हणजे इथे २९४ आणि २९३. मागवताना प्रत्येक लांबीचे तीन-चार जादा घ्या आणि कुठली लांबी कुठल्या बाजूची, हे हबच्या खोक्यावरच लिहून ठेवा. दोन वर्षांनी स्पोक तुटेल तेव्हा पुन्हा मोजायला लागू नये.